सही करण्याआधी

चि. मनू,

रविवारी तुझा फोन येऊन गेला तेव्हापासून लिहायचं म्हणतोय. फोनवर तुझी घाई, त्यात तुझी आई मध्येच फराळाच्या पार्सलचं काढते आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. मामीने बजावलंय, पोरीला उगाच घाबरवू नका. घाबरवत नाही. पण तू फोन ठेवता ठेवता एक वाक्य बोललीस, ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आधी इकडचं, सांगलीचं सांगतो. आजी बरी आहे. सकाळची पूजा झाली की व्हरांड्यात बसते आणि मनूकडे आता किती वाजले असतील ते विचारते. मी सांगितलं की पुन्हा दहा मिनिटांनी विचारते. कृष्णामाई यंदा सांभाळून गेली. पाणी पात्राबाहेर आलं, पण आपल्या गल्लीपर्यंत नाही. कोपऱ्यावरचा तो जुना वाडा शेवटी पाडला आणि तिथं सहा मजल्यांचं काम निघालंय. मी रोज फिरून येताना तिथं थोडा वेळ उभा राहतो. साइटवरचा इंजिनिअर तुझ्याहूनही लहान असेल. चहा पाजतो, आणि मी काही विचारायच्या आत नकाशा उलगडून दाखवतो. पोरगा नेमका आहे. फुटिंगची सळई मोजून झाल्याशिवाय काँक्रीट ओतू देत नाही, म्हणून ठेकेदाराचं आणि त्याचं रोज वाजतं. मला त्याच्यात तू दिसतेस.

तू एफई, म्हणजे इंजिनिअरच्या लायसन्सची पहिली परीक्षा, पास झालीस याचा आम्हा सगळ्यांना किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही. ११० प्रश्न, तेही पडद्यावर, बरोबर स्वतःचं एक पान न्यायचं नाही, सूत्रं हवी असतील तर त्यांचंच पुस्तक त्याच पडद्यावर उघडून शोधायचं. आमच्या वेळी असं असतं तर आम्ही निम्मा वेळ पान शोधण्यातच घालवला असता. आणि कॉलेजातला कॅसिओचा तोच एफएक्स-९९१ तिथंही चालला, हे ऐकून मामी खूश झाली. गणपती पेठेतून तो मीच आणला होता ना.

आता मुद्द्यावर येतो. तू म्हणालीस, तुमच्या तिथल्या मराठी मंडळातल्या कुणा गृहस्थांना गॅरेजची खोली करून हवी आहे. त्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी येणार आहेत. नकाशा तू काढायचा, त्यांच्या ओळखीचा कुणी पीई, म्हणजे लायसन्सवाला इंजिनिअर, आहे तो न बघता शिक्का मारून देईल, आणि सगळं काम भिंतींच्या आत असल्यामुळे परवानगीचीही तशी गरज नाही. ‘छोटंसं तर काम आहे मामा, नाही कसं म्हणू?’ हे तुझं वाक्य.

मने, नाही म्हण. का म्हणायचं ते सविस्तर सांगतो, कारण तू मोठी झाली आहेस आणि मामा सांगतोय एवढं कारण आता तुला पुरणार नाही.

तू ज्या राज्यात राहतेस तिथं इंजिनिअरला लायसन्स लागू लागलं ते कशामुळे, माहीत आहे का? टेक्सासच्या पूर्व भागात न्यू लंडन म्हणून गाव आहे. तेलाच्या विहिरींमुळे तिथं पैसा आला होता आणि शाळा मोठी, नवी, देखणी बांधली होती. तेलाबरोबर वर येणारा वायू त्या भागात बहुतेक जण जाळूनच टाकत. तोच फुकटात मिळतो म्हणून शाळा चालवणाऱ्यांनी पैसे वाचवायला तो वाहून नेणाऱ्या वाहिनीवरून परस्पर जोडणी घेतली. वायूला वास नव्हता. तो गळत राहिला आणि इमारतीच्या खालच्या पोकळीत साठत राहिला. १८ मार्च १९३७, दुपारी शाळा सुटायच्या थोडं आधी, कार्यशाळेतलं एक यंत्र सुरू केलं, ठिणगी पडली आणि अख्खी शाळा उडाली. जवळजवळ तीनशे जीव गेले, बहुतेक लहान मुलं. त्याच वर्षी टेक्सासने इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा केला, आणि वायूत उग्र वासाचं द्रव्य मिसळायची सक्तीही त्याच दुर्घटनेनंतर झाली. आपल्या स्वयंपाकघरात सिलिंडर गळला की नाकात जातो तो वास गॅसचा स्वतःचा नसतो. तो असाच मुद्दाम मिसळलेला असतो. तुला पुढेमागे लायसन्सचा जो नंबर मिळेल, तो त्या पोरांच्या नंतर आलेल्या कायद्याचा नंबर आहे. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रात्रभर अस्वस्थ वाटत होतं, आणि तू टेक्सासला निघालीस तेव्हा पहिली हीच आठवली.

अमेरिकेत लायसन्सची सुरुवात त्याच्याही आधीची, १९०७ सालची, वायोमिंगमधली. तिथं पाणी वापरायच्या परवान्यासाठी अर्जासोबत नकाशा लागायचा, आणि वकिलापासून ज्याला जमेल तो ते काढून, सही करून देत होता. म्हणजे त्या देशातला इंजिनिअरांचा पहिला कायदाच मुळी परवानगीच्या अर्जाला जोडलेल्या चुकीच्या नकाशांमुळे झाला. आमच्याकडे बघ, वकिलांसाठी १९६१ चा कायदा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा, पण इंजिनिअरसाठी देशभराचा असा कायदा माझ्या उभ्या नोकरीत नव्हता. महापालिका, नगरपालिका आपापल्या वहीत नाव नोंदवून घेत, तेवढंच. त्याची किंमत मी जवळून पाहिली आहे.

मी परवानगीच्या टेबलाच्या पलीकडे आयुष्य काढलं, हे तुला ठाऊक आहे. नगररचनेत आलेली फाइल मी कशी बघायचो ते सांगतो. नियमातली अंतरं बघायचो, मजले, जिना, पार्किंग, रस्त्याची रुंदी बघायचो. पण तुळईतली सळई पुरेशी आहे की नाही हे मी पुन्हा गणित करून कधी बघितलं नाही. बघणं शक्यच नव्हतं. टेबलावर ढीग असायचा. तिथं मी फक्त सही बघायचो. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आहे, म्हणजे कुणीतरी बसून हे मोजलं आहे, असं धरून फाइल पुढे जायची. तुझ्या ह्युस्टनमधल्या परवानगीच्या खिडकीमागेही शेवटी माणूसच बसलेला असणार. तो जास्त खोलात बघत असेल, पण तुझ्या शिक्क्यावर तोही तसाच विसंबणार.

आमच्याकडे एका गावात (नाव नको) नवीन घराची गॅलरी कोसळली. लग्नघर होतं, वरात बघायला माणसं गॅलरीत जमली होती. चौकशीला मीही गेलो होतो. गॅलरीच्या तुटलेल्या कडेशी सळया उघड्या पडल्या होत्या, आणि त्या स्लॅबच्या तळाला होत्या. गॅलरी भिंतीबाहेर अधांतरी असते, तिथं ताण वरच्या अंगाला येतो, सळई वर हवी; हे तू दुसऱ्या वर्षाला शिकलीस. नकाशावर ज्यांची सही होती ते इंजिनिअर सज्जन गृहस्थ होते, हुशार होते, पण त्यांनी ते घर बघितलेलंच नव्हतं. त्यांचा शिक्का गावातल्या एका ड्राफ्ट्समनच्या खणात पडलेला असायचा. महिन्याच्या महिन्याला हिशेब व्हायचा. गृहस्थ चौकशीत एकच सांगत होते, ‘मी काही केलंच नाही.’ तेच तर झालं होतं, पोरी.

म्हणून तुझ्या त्या ‘ओळखीच्या पीई’चं ऐकलं आणि मला तो खण आठवला. टेक्सासच्या नियमात हे स्पष्ट आहे: काम स्वतः केलेलं असावं किंवा स्वतःच्या थेट देखरेखीखाली झालेलं असावं, तरच शिक्का. न बघता मारलेला शिक्का हा तिथं गुन्ह्यासारखाच धरतात आणि राज्याचं इंजिनिअर मंडळ अशांची लायसन्सं काढून घेतं. तो माणूस त्याचं तो बघून घेईल, पण नकाशावर रेषा तुझ्या असतील. शिवाय तुझ्या व्हिसावर कंपनीबाहेरचं पैशाचं काम चालत नाही, आणि लोकांना इंजिनिअरिंगची सेवा द्यायची तर त्या राज्यात फर्मचीही वेगळी नोंदणी लागते, मग ती एकट्या माणसाची का असेना. हे सगळं त्या गृहस्थांना माहीत नसणार. त्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही.

आता ते गॅरेज नीट डोळ्यासमोर आण. गॅरेजची जमीन घरापेक्षा खाली असते आणि दाराकडे उतरती असते. ते घर पूररेषेत असेल तर गॅरेज खाली ठेवायला मुभा मिळालेली असते ती केवळ गाडी आणि अडगळीसाठी. तिथं पलंग टाकलास की राहती खोली पुराच्या पातळीखाली गेली. तुमच्याकडे पुष्कळ घरांत गॅसवर चालणारा पाणी तापवायचा बंब गॅरेजमध्येच उभा असतो. भोवतीनं भिंत घालून, दार बंद करून त्याच्या शेजारी दोन म्हातारी माणसं झोपणार, तर त्या बंबाला हवा कुठून, आणि धूर कुठं? झोपायच्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी लागते. गॅरेजला ती नसते. परवानगीचा अर्ज केला की नेमके हेच प्रश्न कुणीतरी विचारणार. न केला तर कुणीच विचारणार नाही. त्या गृहस्थांना वाटतंय परवानगी म्हणजे फी आणि हेलपाटे. त्यांच्याच आईवडिलांच्या जिवासाठी ती आहे, असं त्यांना सांगून बघ. आणि व्यवहाराच्या भाषेतच हवं असेल तर सांग की टेक्सासात घर विकताना विकणाऱ्याला छापील फॉर्मवर लिहून द्यावं लागतं, विनापरवाना काही फेरफार केले आहेत का म्हणून. आज लपवलेली भिंत त्या दिवशी वर येते.

गावाच्या नियमांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुम्हा हुशार पोरांचं इथंच दुर्लक्ष होतं. गणित जमलं की तुम्हाला काम झालं असं वाटतं. लायसन्स राज्य देतं, पण परवानगी गाव देतं, आणि गावागणिक कागद बदलतो. तुझ्याच ह्युस्टनच्या पोटात बेलेअर आहे, वेस्ट युनिव्हर्सिटी प्लेस आहे. चहूबाजूंनी ह्युस्टन, पण ती स्वतंत्र शहरं, त्यांची परवानगी त्यांच्याकडे. हद्द ओलांडून काउंटीत गेलीस की आणखी वेगळं. इमारतींची ती आंतरराष्ट्रीय म्हणवणारी संहिता दर तीन वर्षांनी नवी निघते, पण कुठलं शहर कुठली आवृत्ती, कुठल्या दुरुस्त्यांसह लागू करतं ते त्या त्या शहराच्या ठरावात असतं. म्हणून कुठलंही काम हातात आलं की पहिला प्रश्न हा विचार: ही जागा कुणाच्या हद्दीत? नंतर संगणक उघड.

ह्युस्टनला झोनिंग नाही, हे तू मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस. खरं आहे. पण जागांच्या करारात लिहिलेली बंधनं आहेत, आणि ती पाळली जातात की नाही हे शहरही बघतं. गॅरेज हटवायला त्यात मनाई असू शकते. पुराचं तर विचारूच नको. २०१७ च्या हार्वी वादळात तुमच्याकडे काय झालं ते आम्ही इथून टीव्हीवर बघितलं. त्यानंतर शहराने नियम कडक केला. १ सप्टेंबर २०१८ पासून शंभर वर्षांच्याच नव्हे तर पाचशे वर्षांच्या पूररेषेत येणाऱ्या नव्या घरालाही पाचशे वर्षांच्या पुराच्या पातळीपेक्षा दोन फूट उंच जोतं हवं. खालच्या किनाऱ्याकडे, गॅल्व्हेस्टनच्या बाजूला काम निघालं तर वाऱ्याचं निराळंच प्रकरण. तिथं ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात सहा हजारांवर माणसं गेली होती. त्या पट्ट्यात वादळाच्या विम्यासाठी राज्याच्या विमा खात्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायची तर तोही खात्याने नेमलेलाच लागतो.

सांगलीच्या पोरीला पूररेषा समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांच्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी ४५. त्या वेळी आपण सगळे वरच्या मजल्यावर होतो आणि आजी जिन्याच्या पायऱ्या मोजत होती, पाणी कितवीपर्यंत आलं म्हणून. माझ्या टेबलावर निळ्या रेषेच्या आतलीही प्रकरणं यायची. ‘साहेब, तीस वर्षांत पाणी आलं नाही इथं,’ असं प्रत्येक जण सांगायचा. मी परत पाठवायचो. माझ्यावर रागावलेली माणसं गावात कमी नव्हती. त्यातले दोघे पूर ओसरल्यावर घरी येऊन बसून गेले. काही बोलले नाहीत, नुसता चहा घेतला.

मातीचंही तसंच. तुमच्याकडची ती फुगणारी चिकणमाती आणि आपली काळी माती यांचा स्वभाव एकच. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं घर उचलते नाहीतर सोडून देते. आपण खाली फुगवटा असलेले पाइल घालतो, तुमच्याकडेही घंटेच्या आकाराच्या तळाचे पिअर घालतात. पण किती खोल, हे ना सांगलीच्या अनुभवाने ठरवायचं ना पुस्तकातल्या कोष्टकाने. त्या जागेचा मातीचा अहवाल हातात घेऊनच ठरवायचं.

तुला आठवतं का, तू सहावी-सातवीत असशील, मे महिन्यात आली होतीस, तेव्हा मी तुला जोत्याच्या तपासणीला घेऊन गेलो होतो? टेपचं एक टोक तुझ्या हातात दिलं होतं. तू कोपऱ्याच्या खुंटीला टोक दाबून उन्हात उभी होतीस, आणि मी दुसऱ्या बाजूनं वाचत होतो. शेजारच्या हद्दीचं अंतर चार इंच कमी भरलं. मालक म्हणाला, चार इंचांनी काय होतं. तू एवढीशी, आणि मोठ्यानं म्हणालीस, ‘मग नकाशात तेवढंच लिहायचं होतं ना.’ गवंड्यासकट सगळे हसले. मालकाने सुधारित नकाशा टाकला, महिना गेला, पण टाकला. ती मनू मला अजून तशीच हवी आहे.

आणखी एकच उदाहरण देतो, तुझ्याच शाखेचं. कॅन्सस सिटीतलं हयात रीजन्सी हॉटेल. मोठ्या दालनात छतापासून टांगलेले पादचारी पूल होते, एकाखाली एक. मूळ रचनेत एकच अखंड सळई छतापासून निघून चौथ्या मजल्याच्या पुलातून खाली दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत जायची. प्रत्यक्ष बांधताना एवढी लांब सळई आटे पाडून बसवायला अवघड म्हणून दोन तुकडे केले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. आता खालचा पूल वरच्या पुलाला लोंबकळू लागला, आणि वरच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. कागद आणि पेन्सिल घेऊन बस, दोन मिनिटांत दिसेल तुला. ते कुणी बसून बघितलं नाही. बदललेले नकाशे इंजिनिअरच्या कचेरीतून शिक्का होऊन परत गेले. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी, नाचगाण्याचा कार्यक्रम चालू असताना, दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसं गेली. नंतर तपासात निघालं की मूळची अखंड सळईची जोडणीही त्या शहराच्या नियमावलीत सांगितलेल्या ताकदीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच होती. जबाबदार इंजिनिअरांची लायसन्सं गेली. तुझ्याकडे असे शॉप ड्रॉइंगचे गठ्ठे येतीलच, शुक्रवारी संध्याकाळी, ‘सोमवारी फॅब्रिकेशन सुरू करायचंय’ म्हणत. जोडणीत काही बदललंय का, एवढं तरी प्रत्येक पानावर बघितल्याशिवाय उठू नकोस. शुक्रवार गेला तर जाऊ दे.

आता पुढच्या तयारीचं. पीईच्या परीक्षेचे ८० प्रश्न तू सोडवशील, त्याची मला काळजी नाही. काळजी कागदांची आहे. इकडच्या पदवीची पडताळणी या परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस संस्थेकडून होते. त्यांना गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट हव्या असतात, आणि कुठल्या विषयात काय शिकवलं त्याची पानंही. मी कोल्हापूरला जाऊन अर्ज देऊन आलो. कॉलेजातून जुना अभ्यासक्रम काढून घेतलाय, झेरॉक्स स्वच्छ आहेत. पदवी त्यांच्या निकषात बसली तर चार वर्षांचा अनुभव, नाही बसली तर आठ, म्हणून हे ढिलाईवर सोडायचं नाही.

अनुभवाचा तपशील आजपासून लिहायला लाग. दर महिनाअखेर एक पान: कुठलं काम, त्यात तुझा भाग कोणता, कुठला निर्णय तू घेतलास, आणि तो कुणी तपासला. चार वर्षांनी अर्ज भरताना ‘डिझाइनमध्ये मदत केली’ असं लिहिणाऱ्यांना मंडळ परत पाठवतं. तुला ओळखणारे किमान तीन परवानाधारक इंजिनिअर शिफारशीला लागतील. ते नोकऱ्या बदलतात, गाव सोडतात. त्यांचे पत्ते आत्ताच लिहून ठेव. आणि ज्यांच्या हाताखाली शिकायला मिळतं त्यांच्याजवळ राहा, पगार थोडा कमी असला तरी. जो साहेब तुझ्या नकाशावर लाल पेन चालवतो तो चांगला समज. जो ‘छान’ म्हणून न बघता सही करतो, त्याच्यापासून जरा जपून.

कॅलिफोर्नियातल्या तुझ्या त्या मैत्रिणीला विचार, तिला पीईच्या जोडीला भूकंपाची आणि सर्व्हेची अशा आणखी परीक्षा द्याव्या लागल्या असतील. टेक्सासचं लायसन्स मिळालं म्हणून शेजारच्या लुइझियानात सही चालत नाही, तिथं पुन्हा अर्ज. एकदा मिळालं की दर वर्षी पंधरा तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, त्यातला एक तास नीतिनियमांचा. लोक तो एक तास झोपेत काढतात असं ऐकतो. तू काढू नकोस.

त्या गृहस्थांना तोडून बोलू नकोस. परक्या मुलखात आपली माणसं लागतात, दिवाळीला त्यांच्याच घरी जेवायला जाणार आहेस. जा, आनंदाने जा. त्यांना सांग, काका, मला अजून शिक्क्याचा अधिकार नाही आणि व्हिसावर बाहेरचं काम चालत नाही, पण मी तुमच्याबरोबर वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या परवानगीच्या कचेरीत येते, कुठले कागद लागतात ते विचारायला मदत करते. स्थानिक इंजिनिअर कसा शोधायचा ते सांग, आणि लायसन्स चालू आहे की नाही हे राज्याच्या मंडळाच्या यादीत नावानिशी बघता येतं तेही सांग. तोवर आईवडिलांना घरातलीच एखादी खोली रिकामी करून द्या म्हणावं, मुलांनी हॉलमध्ये झोपावं. आपल्याकडे सगळी घरं अशीच चालली आहेत.

मामी म्हणते, थंडी सुरू झाली की केसांना तेल लाव आणि रात्री उशिरापर्यंत जागू नकोस. आजीने तुझ्यासाठी एक मोराचं पीस आरतीच्या पुस्तकात जपून ठेवलंय, आलीस की देणार आहे. गल्लीतल्या त्या साइटचा स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे; व्हिडिओ पाठवतो, सळया बघून तुझं मत कळव. आणि त्या गृहस्थांशी काय बोलणं झालं ते मला दोन ओळींत का होईना, लिही.

तुझा,
मामा

ता. क. गुणपत्रिकेवर तुझं नाव आडनाव आधी असं छापलंय आणि पासपोर्टवर उलटं आहे. परीक्षेच्या नोंदणीत आणि ओळखपत्रावर नाव तंतोतंत जुळावं लागतं, नाहीतर केंद्रावर आत घेत नाहीत. विद्यापीठातल्या बाई म्हणाल्या, पासपोर्टची प्रत जोडली तर ट्रान्सक्रिप्टवर तसंच नाव घालून देतात. म्हणून पहिल्या पानाचा फोटो आजच पाठव. मंगळवारी मी पुन्हा जाणार आहे.